जीपीएलखाली मिळालेल्या सॉफ्टवेअरसाठी कंपनी संगणकामागे परवाना शुल्क मागू शकते का?

आपण लिहिले आहे की, आर्णी तालुक्यातील आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा कापूस खरेदीचा हिशेब जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळालेल्या प्रोग्रामवर चालतो, आणि तो बसवून देणाऱ्या कंपनीने आता व्यापारी वापराचे कारण सांगून प्रत्येक संगणकामागे शुल्क मागितले आहे व शेजारच्या गावाला प्रत देण्यास मनाई केली आहे. ही मागणी त्या परवान्यात बसत नाही.

1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या परवान्याचे पहिलेच कलम, ज्याला शून्य क्रमांक दिला आहे, प्रोग्राम चालवण्यावर बंधन नसल्याचे सांगते. घरगुती आणि व्यापारी असा भेद त्यात नाही. सहाव्या कलमानुसार प्रत घेणाऱ्याला परवाना मूळ हक्कदाराकडून मिळतो, आणि मधल्या देणाऱ्याला वरून नव्या अटी घालता येत नाहीत. शेजारच्या गावाला प्रत देताना सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, आणि परवान्याचा मजकूर पोचवण्याची जबाबदारी मात्र आपल्यावरही येते, ती टाळू नये.

बसवणे, शिकवणे, दुरुस्ती यांचे पैसे कंपनीने जरूर घ्यावेत. संपूर्ण कोड तिचा स्वतःचा असेल, तर पुढची आवृत्ती ती वेगळ्या परवान्याखालीही काढू शकते. पण आधी दिलेल्या प्रती जुन्याच परवान्याखाली राहतात. मार्च 2024 मध्ये रेडिस या डेटाबेस प्रोग्रामच्या कंपनीने परवाना बदलला, तरी आधीच्या मुक्त कोडवरून व्हॅल्की हा प्रकल्प उभा राहिला.

मी घाटंजीजवळच्या एका जिनिंगमध्ये संगणकांचे काम पाहतो. असेच पत्र आम्हाला ऐन हंगामात आले, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असताना, आणि काम अडेल या भीतीने मालक पैसे भरायला निघाले होते. मला त्याचा फार संताप आला, कारण अनेकांनी सर्वांसाठी लिहून ठेवलेल्या कामावर ही वसुली होती आणि तिचा भार शेवटी कास्तकाराच्या भावातूनच निघाला असता. सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमिनीचा इसार देत नाही. म्हणून मी लेखी विचारले की, कोणत्या फाइलींवर आपला हक्क आहे, तो कोणाकडून मिळाला, आणि परवान्याच्या कोणत्या कलमाने शुल्क लागते. लेखी उत्तर कधीच आले नाही. काही दिवसांनी फोनवर देखभाल कराराची गोष्ट तेवढी निघाली.

हेच प्रश्न मोठ्या प्रकरणातही निर्णायक ठरले आहेत. 2003 मध्ये एससीओ ग्रुप या अमेरिकी कंपनीने लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीत युनिक्स या जुन्या प्रणालीचा आपला कोड असल्याचा दावा करून वापरकर्त्यांकडून एका प्रोसेसरमागे 699 डॉलर मागितले, तेव्हा कोणत्या ओळी ते दाखवा, अशी मागणी सर्वत्र झाली. 2007 मध्ये न्यायालयाने युनिक्सचे कॉपीराइट हक्क नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे असल्याचे ठरवले, आणि 2010 मध्ये ज्युरीनेही तोच निर्णय दिला.

आपण संचालक मंडळाच्या सहीने हे तीन प्रश्न पोचपावतीसह पाठवा, आणि प्रोग्रामसोबत आलेली परवान्याची फाइल आजच छापून दप्तरी ठेवा. उत्तर न देता धमकीची पत्रे येत राहिली, तर वकिलांना कॉपीराइट अधिनियम, 1957 चे कलम 60 दाखवा. निराधार कारवाईची धमकी देणाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागण्याची सोय त्यात आहे.