रायझन ५ ५६०० या प्रोसेसरसोबत आलेला कूलर बदलावा का? सिंगल टॉवर घ्यावा की ड्युअल, आणि तो घरी बसवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नागपूरला राहता, रायझन ५ ५६०० वर व्हिडिओ एडिटिंग करता, आणि मे महिन्यात रेंडर लावला की तापमान ८८-९० पर्यंत जाऊन डब्यातला कूलर घोंगावायला लागतो. तर हो, कूलर बदलाच. सिंगल टॉवर, म्हणजे पातळ पत्र्यांचा (फिन्सचा) एकच उभा गठ्ठा असलेला कूलर, पुरेल; ड्युअलमध्ये असे दोन गठ्ठे असतात. ड्युअल टॉवरसाठी जे जास्तीचे पैसे बाजूला ठेवले असतील त्यांतून कॅबिनेटला पुढून एक-दोन पंखे लावा, त्याचा उपयोग जास्त होईल. घरी नक्की बसवता येतो. फक्त जुना कूलर काढताना एका ठिकाणी जपावं लागतं, ते पुढे सांगतो.

तुमच्या प्रोसेसरसोबत येणारा रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा आणि वर पंखा. त्यात हीट पाइप, म्हणजे उष्णता फिन्सपर्यंत वाहून नेणाऱ्या नळ्या, नाहीत. प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी पूर्ण लोडवर तो ७६ वॉटपर्यंत जातो. ७६ वॉट हा आकडा तसा मोठा नाही. अडचण अशी की ही बहुतेक उष्णता प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखालच्या एका लहानशा चिपमधून येते. तिचं क्षेत्रफळ जेमतेम ८० चौरस मिलिमीटर आहे आणि ती मधोमध नसून एका बाजूला बसवलेली आहे. तिथून झाकणापर्यंत उष्णता यायला जो अडथळा आहे, तो वर कितीही मोठा कूलर ठेवला तरी तसाच राहतो. म्हणून स्टेल्थवरून चार हीट पाइपच्या टॉवरवर गेलात की फरक लगेच जाणवेल, पण तिथून सहा पाइपच्या ड्युअल टॉवरवर जाऊन या प्रोसेसरला मोजकेच अंश मिळतात. ड्युअल टॉवर खरा कामाला येतो १२-१६ कोअरच्या प्रोसेसरवर.

आता तुलनेबद्दल, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. रिव्ह्यूमधलं तापमान साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेलं असतं. समजा एखाद्या कूलरने २२ अंशांच्या खोलीत ६७ दाखवले, तर खोलीच्या वर ४५ अंश वाढ झाली. तुमची खोली दुपारी ३८ असेल तर तोच कूलर तुमच्याकडे ८३ च्या आसपास दाखवणार. त्यात कूलरचा काही दोष नाही. कोणताही हवेवरचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि पाण्यावर चालणारा एआयओसुद्धा शेवटी खोलीतलीच हवा वापरतो. तेव्हा दोन कूलर ताडून बघताना खोलीच्या वरची वाढ बघा, आणि तीही पंख्याचा आवाज सारखा ठेवून. पूर्ण वेगाने ओरडणारा पंखा तीन अंश कमी दाखवतो म्हणून तो चांगला ठरत नाही. रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपायचं असेल तर मुळीच नाही. डब्यावरच्या वॉटच्या आकड्यांवरूनही निवड करू नका, प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने ठरवते. आणि पीसी नुसता चालू असतानाचं तापमान विसरून जा. रायझन क्षणभर वेग वाढवतो आणि आकडा दहा अंश वर-खाली उडतो, ते नेहमीचंच आहे.

खरेदीआधी एक चाचणी कराच. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सिनेबेंच आर२३ हे सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. मग कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढून पुन्हा तेच करा. उघड्या कॅबिनेटमध्ये सात-आठ अंश उतरले तर आतली गरम हवा बाहेर पडत नाहीये, आणि बंद कॅबिनेटमध्ये नवा कूलरही तीच तापलेली हवा फिरवत बसेल.

मॉडेल विचारलंत तर डीपकूल एजी४००, एके४०० किंवा थर्मलराइट असॅसिन एक्स १२० एसई, यांतला जो तुमच्याकडे वाजवी दरात मिळेल तो घ्या. तिघांतही चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा आहे. उंची मात्र कॅबिनेटशी जुळवून बघा: एजी४०० १५० मिलिमीटर आहे, एके४०० १५५. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा १६५ चा राक्षस अनेक कॅबिनेटांत मावतच नाही. रॅमवर उंच दिव्यांची पट्टी असेल तर पंखा थोडा वर सरकवावा लागतो आणि तेवढी उंची वाढते.

आता जपायची जागा. तुमचा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा आहे; त्याच्या खाली १३३१ पिना असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरून ठेवतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असली की कूलर सरळ वर ओढल्यावर लॉक बंद असूनही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं लोड द्या, पेस्ट मऊ होऊ द्या. मग पीसी बंद करा, वायर काढा, पंख्याची पिन सोडवा आणि चारही स्क्रू आळीपाळीने सैल करा. कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. सुटल्याचं हाताला कळलं की मगच उचला. घाई नको. स्टेल्थचे स्क्रू थेट मदरबोर्डमागच्या बॅकप्लेटमध्ये जातात, त्यामुळे ते निघाले की ती प्लेट मागे गळून पडते. कॅबिनेट आडवं ठेवा आणि मागून एका हाताने प्लेट धरा. ती सांभाळून ठेवा, बहुतेक टॉवर तीच वापरतात.

झाकण आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून स्वच्छ करा. नव्या कूलरच्या तळाशी पारदर्शक फिल्म असते, ती काढली का हे दोनदा बघा. पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे. ती फक्त दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरते, दाब बसला की आपोआप पसरते. स्क्रू कोपऱ्याला कोपरा, दोन-दोन फेरे देत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर कूलर तिरका बसतो आणि दुसऱ्या बाजूला पेस्टचा थर जाड राहतो. पंख्याच्या ज्या बाजूला जाळीसारखे आडवे दांडे असतात तिकडून हवा बाहेर पडते, ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे हवी. वायर सीपीयू_फॅन लिहिलेल्या चार पिनांच्या जागीच लावा.

हा कूलर पुढेही कामाला येईल. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटमध्ये कूलर बसवायच्या भोकांची जागा तीच आहे, मूळ बॅकप्लेट वापरणारे बहुतेक कूलर तिथेही चालतात.

मे महिन्यासाठी आणखी दोन गोष्टी. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, इको मोड असतो, त्यात प्रोसेसर ४५ वॉटच्या वर्गात चालतो. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, पण दुपारच्या उन्हाळ्यात मी तोच लावायला सांगेन. आणि खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट पीसीवर घेऊ नका. ओलसर हवेत धूळ फिन्सवर चिकटून घट्ट बसते आणि नुसत्या ब्रशने निघत नाही.

सगळं बसवल्यावर तीच सिनेबेंचची चाचणी करा आणि शेजारी खोलीचं तापमान लिहा. खोलीच्या वर ५० अंशांच्या आत वाढ असेल तर काम नीट झालं. त्याहून बरीच जास्त असेल तर कूलर काढा, दोन्हीकडची पेस्ट पुसा, नवी लावा आणि स्क्रू पुन्हा कोपऱ्याला कोपरा आवळा. प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे, त्यामुळे ऐन मे महिन्यात ८० ते ८५ दिसले तरी काळजी करू नका.