'उस्तेहोव्हेल' फोडताना

नॉर्वेजियन जोडशब्दाची व्युत्पत्ती शोधताय ना? मग सुरुवात शेवटाकडून करा. आपल्या तत्पुरुषासारखंच तिथेही मुख्य पद शेवटी येतं आणि अख्ख्या शब्दाचं लिंगही तेच ठरवतं.

चीजचे काप काढायचं 'उस्तेहोव्हेल' घ्या. उस्त म्हणजे चीज, होव्हेल म्हणजे सुताराचा रंधा. मधला 'ए' नुसता सांधा, त्यात अर्थ शोधत बसू नका. रंधा इथे अगदी शब्दशः आहे बरं का! नॉर्वेतल्या लिलेहामर गावच्या थोर ब्यर्कलुंड या सुताराने १९२५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि रचना सरळ रंध्यावरून उचलली: पात्याला फट, फटीतून पातळ पापुद्रा वर.

मग दोन्ही पदांची कुळं वेगवेगळी काढा. उस्त जुन्या नॉर्समधला, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेतला. होव्हेल मात्र मध्ययुगीन लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेतून, आलेला. हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या काळात तिकडून असे कितीतरी शब्द आले. शब्दकोशात जोडशब्दाखाली व्युत्पत्ती बहुधा मिळत नाही, म्हणून सुटी पदंच बघा. पुढचा शब्द 'शोलेस्काप', म्हणजे फ्रिज, घ्या. त्यातलं 'स्काप', म्हणजे कपाट, कुठून आलं ते आधी स्वतः शोधा, मग बोलू.