धमनीवरची लाल फुली

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावीत आहे, जीवशास्त्रात गुण बरे आहेत. तरी रोज रात्री तुम्ही तिच्याकडून २० व्याख्या म्हणून घेता आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की लाल फुली मारता. आता विचारता, ‘पाठांतर इतकं कच्चं, मग ही डॉक्टर कशी होणार?’

‘हल्ली वही काढली की तिचा आवाजच बसतो,’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला काळजी वाटली ती त्या वाक्याची.

तुम्ही कळवलेली चूकच पाहू. गाइडात धमनी म्हणजे ‘शुद्ध रक्त वाहून नेणारी वाहिनी’. मुलगी म्हणाली, ‘हृदयापासून रक्त दूर नेते ती.’ तुमची फुली. ताई, बरोबर ती आहे! फुप्फुसधमनी हृदयाकडून फुप्फुसांकडे जाते आणि तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो. फुप्फुसशिरांचं नेमकं उलटं. गाइड घोकणारा इथेच आपटतो. (आणि ते ‘शुद्ध-अशुद्ध’ही सोडा, रक्त काही मळलेलं नसतं.)

डॉक्टरकी म्हणजे घोकंपट्टी, हा समज मला फार घरांत दिसतो. पाठांतर लागतं, भरपूर लागतं. पण हे शब्द बरेचसे ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून झालेत. ‘आयटिस’ म्हणजे दाह: हेपाटायटिस यकृताचा, गॅस्ट्रायटिस जठराचा, आर्थ्रायटिस सांध्यांचा. ‘टॅकी’ जलद, ‘ब्रॅडी’ संथ, ‘कार्डिया’ हृदयाशी संबंधित. मग टॅकीकार्डिया, म्हणजे हृदयाचे जलद ठोके, वेगळा पाठ कशाला करायचा? तुकडे कधी फसवतातही. अ‍ॅनिमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्त नसणं’, प्रत्यक्षात कमी पडतं ते हिमोग्लोबिन. मलेरिया म्हणजे ‘वाईट हवा’. १८९७ मध्ये डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना त्याचे परजीवी डासाच्या पोटात सापडले, हवा निर्दोष सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं. अशा जागी समजच कामी येते, आणि ती तुमच्या मुलीकडे दिसते.

प्रवेश परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, व्याख्या म्हणून दाखवायची नसते. जुने पेपर घड्याळ लावून सोडवू दे.

अख्ख्या पत्रात तिला काय व्हायचंय, याची एक ओळ नाही. ते आधी विचारा. उत्तर ‘डॉक्टर’ नसलं तर मध्ये बोलू नका, पुरतं ऐका. रात्रीची उजळणी बंद. फारच राहवलं नाही तर एखादा शब्द घेऊन ‘मला समजेल असं सांग’ म्हणा. आणि धमनीवरची ती फुली आजच खोडा, तिच्या देखत.