इंदुरात हातानं घर बांधताय? आधी चार खड्डे मारा

तुम्ही विचारलंय की बायपासच्या पलीकडे 600 फुटांचा प्लॉट आहे, हात आखडता आहे, तर नवरा-बायको आणि धाकटा भाऊ मिळून घर बांधता येईल का. येतं. आमचं तसंच झालं: आई, बाबा, आम्ही दोघं भावंडं आणि सकाळपुरता येणारा एक म्हातारा मिस्तरी. दोन उन्हाळे गेले.

विटा-सिमेंटचे भाव नंतर काढा. आधी सब्बल (पहार) घेऊन प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत खड्डे मारा. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर जे उभं असेल त्याला दर वर्षी वर-खाली करते. ती संपून कडक मुरूम लागेपर्यंत पाया खाली न्यायचा. शेजाऱ्याच्या खड्ड्यावरून अंदाज बांधू नका. मुरूम फारच खोल निघाला तर इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल सांगेल, म्हणजे बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, वरून बीमनं जोडलेले. नकाशा पास करून घ्यायचाच आहे, त्याच फेरीत त्याला विचारून घ्या.

आम्ही घराचा पाया मुरमावर नेला आणि मागचा ओटला मात्र "ओटल्याला कसला पाया" म्हणत दीड फुटावरून उचलला. पहिल्याच मे महिन्यात ओटला आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली. रुपयाचं नाणं उभं आत जायचं. आषाढात ती आपोआप मिटली, आई खूश. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तिथंच उघडली. तीनदा सिमेंट भरलं आणि शेवटी ओटला फोडून नव्यानं खाली गेलो. बाबा त्याबद्दल आजही बोलत नाहीत.

तीच चूक जोत्यात होते. खणलेली काळी माती समोर ढीग घालून पडलेली असते, तीच परत आत ढकलायचा मोह होतो. बाहेर टाका. मुरूम आणा, अर्धा-अर्धा फूट थर, पाणी, मग धुम्मसानं ठोकून घट्ट करा. हे काम घरच्यांनीच करावं. रोजावरचा माणूस दोन थरांचा एक करतो, कारण त्याला त्या घरात झोपायचं नसतं.

आखणी, विटा भिजवणं, चुनाई (विटा रचणं) घरच्यांना जमते. काटकोनासाठी दोरीवर 3, 4 आणि 5 फुटांचा त्रिकोण धरा, गुनिया (मिस्तरीची लोखंडी काटकोनी पट्टी) नंतर. भिंत एका दिवसात 5 फुटांच्या वर नको, ओला गारा (विटांमधला सिमेंट-रेतीचा माल) दबतो आणि ओळंबा चुकतो. पहिले दोन दिवस तुमची भिंत वाकडीच येईल. संडासाच्या मागच्या बाजूपासून सुरुवात करा.

सळ्या, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा), स्लॅब आणि वायरिंग जाणत्या माणसाकडे द्या. तिथं तुमचं काम एकच, पाण्यावर नजर. दीडास तीन मालाला (एक सिमेंट, दीड नर्मदेची रेती, तीन गिट्टी) 50 किलोच्या गोणीमागे 30 लिटरच्या वर पाणी नको, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल पसरायला सोपा म्हणून मजूर मग्गे ओततच राहतात. बाबा 15 लिटरच्या दोन बादल्या भरून मिक्सरपाशी स्टुलावर बसले होते, जेवायलाही उठले नाहीत.

तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं (पुण्याकडचे क्युरिंग म्हणतात), आपल्या उन्हात किमान 10 दिवस. स्लॅबवर गाऱ्याची आळी करून पाणी साठवायचं, कॉलमला ओलं बारदान गुंडाळायचं. आम्ही भावंडं शाळेआधी आणि शाळेनंतर हेच करायचो.

घर उभं राहिलं की भिंतीलगत पाणी मुरू देऊ नका. चारी बाजूंनी 3 फूट उताराची फरशी करा, छताचं पाणी पाइपानं लांब सोडा, आणि मोठं झाड भिंतीजवळ लावू नका.

खड्डे मारून झाले की चारही कोपऱ्यांत मुरूम किती फुटांवर लागला ते इथं सांगा, मग पायाच्या रुंदीचं बोलू.