पडवी सजवताय? आधी तुळईला सुरी टोचा

आजीचं सगळं सामान एकदम पडवीत मांडू नकोस, वस्तुसंग्रहालय होईल. मोठी जुनी वस्तू एकच निवड. माळ्यावर पितळी कड्यांचा झोपाळा पडलाय ना, तोच लाव. पण त्याआधी तुळईला चार ठिकाणी सुरी टोचून बघ. पातं लोण्यासारखं आत गेलं तर समज, वाळवीने पोखरलीय. मी नव्हतं बघितलं. ऐन गणपतीत झोपाळा दोन पाहुण्यांसकट खाली आला!

जांभ्याची भिंत रंगवू नकोस. त्या लालसर, खडबडीत दगडावर साधा नवा दिवासुद्धा उठून दिसतो. उजेड मात्र पिवळसर घे. लोखंडी स्टँड कितीही स्वस्त मिळाला तरी नको, खाऱ्या वाऱ्यात गंजतो. पितळही काळवंडतं म्हणा, पण चिंचेने घासलं की झालं. लाकडाचं तेलपाणी मे महिन्यातच उरक.

जुन्या पायलीत सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं ठेव, कोपरा खुलतो. आणि छत्र्यांना तांब्याचा गळका हंडा दे. पाणी साचत नाही, खाली फक्त परात सरकव.