तेल-तूप सोडले, तरी रक्तातील चरबी का वाढली?

ल्युपस या आजाराचे अनेक रुग्ण हा प्रश्न विचारतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा अपराधीपणाची भावना असते. खानापूर तालुक्यातील तिशीतल्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) सासूबाईंसह बेळगावला माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड या रक्तातील चरबीच्या 290 या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला होता. "अक्का, भाकरी-आमटीशिवाय काही खात नाही, कुंद्याला तर हातही लावत नाही," असे त्या काकुळतीने सांगत होत्या. सून चोरून खाते, असा सासूबाईंचा संशय होता. शिवाय कुणाच्या तरी सांगण्यावरून ल्युपससाठीची स्टेरॉइडची गोळी बंद करण्याचे घरात घाटत होते.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. त्यातून होणारा दाह वाढला की रक्तातील ट्रायग्लिसराइडचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावते, त्यामुळे ट्रायग्लिसराइड साचत जातात, एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि जे उरते त्याचीही रक्तवाहिन्यांना जपण्याची ताकद कमी होते. हा बदल औषधे सुरू होण्यापूर्वीही आढळतो. मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर कोलेस्टेरॉलही चढते. स्टेरॉइडमुळे त्यात भर पडते हे खरे. पण ती गोळी एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते, म्हणून तिचा डोस डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायचा असतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसवरचे औषध मात्र आजाराबरोबर चरबीलाही काहीसा आळा घालते.

"म्हणजे हिचं काही चुकलं नाही म्हणा की," सासूबाई म्हणाल्या. आहाराचे पथ्य उपयोगी आहेच, परंतु आजार आटोक्यात आल्याखेरीज केवळ पथ्याने हा आकडा पुरेसा उतरेल अशी अपेक्षा धरणे त्या बाईंवर अन्याय करणारे होते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

दोष नाही म्हणून आकडा दुर्लक्षिण्याजोगा ठरत नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 35 ते 44 वयोगटातील ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे 50 पट आढळले होते. पहिल्याच भेटीत मी हा आकडा कुणाला सांगत नाही, कारण आधीच घाबरलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही. पण तरुण बाईच्या छातीतले दुखणे पित्त म्हणून घरोघरी टाळले जाते, यासाठी तो इथे लिहिते आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही तिघींनी मिळून कागदावर उतरवले: लघवीतील प्रथिने, रक्तदाब, स्टेरॉइडचा डोस कधी उतरवता येईल, आणि चरबीसाठी स्टॅटिनची गोळी द्यायची ठरल्यास गर्भधारणेचा विचार आधी सांगायचा का. शेवटचा प्रश्न सासूबाईंनी सुचवला.