तुमचे प्रश्न: मे महिन्यात थंडी वाजते म्हणजे काय?

प्रश्न: डॉक्टर, माझी धाकटी जाऊ 34 वर्षांची आहे. वर्षभरापासून तिला नुसता थकवा यायलाय, केस गळायलेत, पाळीत अंगावरून लई जातंय, आणि मे महिन्यात परभणीत आम्ही सगळे घामाघूम असताना ही कूलर बंद करा म्हणते. स्किनवाल्यांनी केसांच्या गोळ्या दिल्या, लेडी डॉक्टरनी रक्तवाढीच्या, पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल चालू आहे. गळ्यापाशी थोडं फुगल्यासारखं दिसतंय पण दुखत नाही. सासूबाई म्हणतात आळस आहे नुसता.
– एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, सासूबाईंना सांगा, आळशी माणसाला मे महिन्यात थंडी वाजत नाही! थकवा, केस, पाळी, पोट, एकेक तक्रार वेगळी धरली तर कुणालाही असते आणि म्हणूनच प्रत्येक ठिकाणी वेगळी गोळी मिळाली, पण हे सगळं एकाच बाईला एकाच वर्षात झालं आणि वर गळाही फुगला तर मला पहिल्यांदा हाशिमोतो आठवतो. यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. जपानच्या हाकारू हाशिमोतो या डॉक्टरांनी 1912 मध्ये हा आजार लिहून ठेवला, म्हणून हे नाव. पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त दिसतो, बाळंतपणानंतरच्या वर्षात तर थायरॉइड बिघडलेला सहज निसटतो कारण थकवा बाळामुळेच आहे असं सगळे धरून चालतात.

घरी एवढं बघा. आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट गिळायला लावा, फुगलेला भाग घोटासोबत वर सरकला तर तो बहुतेक थायरॉइडचा. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालीत का, आवाज घोगरा झालाय का, सकाळी तोंड सुजल्यासारखं दिसतं का, नाडी मिनिटाला 60 च्या खाली जाते का. डॉक्टर टाचेमागे हातोडी मारून बघतील, पाऊल झटकन हलतं पण परत जागेवर यायला वेळ लावतं, ही खूण मला फार आवडते, फुकट आहे ना. वजनाचं मात्र लोक उगीच वाढवून सांगतात, थायरॉइडनं चार-पाच किलो वाढतात, वीस नाही.

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूतलं हार्मोन, थायरॉइड मंदावला की हे वाढतं, जोरात चालला की घटतं) आणि फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) करा, सोबत हिमोग्लोबिन, आणि प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटलीय का ते दाखवणारी अँटी-टीपीओ टेस्ट एकदाच. ते एकदा पॉझिटिव्ह आलं की दर सहा महिन्यांनी परत करून पैसे घालवू नका, उपचार टीएसएच बघूनच ठरतो. केसांच्या गोळीत बायोटिन हे जीवनसत्त्व असेल तर डॉक्टरांना विचारून टेस्टच्या दोनेक दिवस आधी बंद ठेवा, रिपोर्ट खोटा येऊ शकतो. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, सुरू झालं तर सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यायचं, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि ती रक्तवाढीची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट अंगी लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच. दिवस जायचा विचार असेल तर तेही आधीच सांगा.

प्रश्न: भाऊ 28 वर्षांचा, भरपूर जेवतो तरी वाळत चाललाय, छाती धडधडते, हात थरथरतात, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. सगळे टेन्शन म्हणतात.
– एक वाचक, औसा

उत्तर: टेन्शननं डोळे बाहेर येत नाहीत दादा. हे वरच्याच्या उलटं, बहुधा ग्रेव्ह्ज नावाचा आजार, म्हणजे थायरॉइड जोरात चालणं. हात पुढं करायला लावा आणि बोटांवर कागद ठेवा, थरथर लगेच दिसेल. या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा. टीएसएच जवळजवळ शून्याला टेकलेला येईल. एकाचे दोन दिसायला लागले किंवा डोळा दुखला तर न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा, आणि सिगारेट-बिडी असेल तर आजच बंद, डोळ्यांचा त्रास त्यानं नक्की वाढतो. थायरॉइड कमी करायच्या गोळ्या चालू झाल्यावर ताप आला, घसा खूप दुखला तर मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून वेळ काढू नका, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडं जा आणि पांढऱ्या पेशी तपासून घ्या.